एका थेंबात ५० कोटी

प्लाझ्माचा एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर. त्यात एक्झोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, किती? मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. पण मिलिलिटरला हजार कोटी हा मधला अंदाज धरला, तर थेंबात ५० कोटी होतात. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे ३ लिटर प्लाझ्मा असतो, म्हणजे एकूण ३० लाख कोटी. आपल्या शरीरातल्या सगळ्या पेशी मिळून ३७ लाख कोटींच्या आसपास आहेत. जवळजवळ पेशीमागे एक एक्झोसोम, आणि तोही फक्त रक्तात फिरणारा!

या पिशव्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलला रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुइसला फिलिप स्टाल यांच्या प्रयोगशाळांत त्या अपक्व तांबड्या पेशींमधून निघताना दिसल्या, तेव्हा पेशी नको असलेला माल टाकून देते आहे, एवढाच अर्थ लागला. २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या गटाने त्यांत आरएनए शोधला आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो हेही दाखवलं. तेव्हापासून त्वचारोगतज्ज्ञांना एक आशा लागून राहिली आहे: कातडीचा तुकडा न कापता, नुसत्या रक्तावरून आजाराची चाल कळेल का?

आशा खरी आहे, पण आकडे आडवे येतात. त्याच थेंबात एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण सुमारे ३० लाख कोटी असतात, एक्झोसोमच्या ६० हजार पट; त्या गर्दीतून एक्झोसोम वेगळे काढायचे. पुढची अडचण २०१४ मध्ये कळली. एखादा मायक्रोआरएनए भरपूर आढळत असला, तरी त्याची एक प्रत हाती लागायला सरासरी शंभराहून जास्त एक्झोसोम तपासावे लागतात. ५० कोटींमधले बहुतेक आपल्याला हव्या त्या आरएनएच्या चिठ्ठीपुरते रिकामेच. नुसती मोजदाद करून निदान होणार नाही, हे मला या सगळ्या आकड्यांमधलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

म्हणून काही संशोधक आतला माल सोडून पृष्ठभागावरच्या खुणेकडे वळले. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात ते फळाला आलं. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वेई ग्वो यांच्या गटाने दाखवलं, की मेलॅनोमाच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन मिरवणारे एक्झोसोम रक्तात सोडतात आणि गाठीपासून दूरवरच्या टी-पेशींनाही थोपवतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध घेणाऱ्या ज्या रुग्णांच्या रक्तात उपचाराआधीच हे प्रथिन जास्त होतं, त्यांना औषध कमी लागू पडलं. उलट उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ते चढलं, तर तो औषध लागू पडत असल्याचा संकेत ठरला. इतक्या गर्दीतून एवढी नेमकी बातमी काढता येते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

एक्झोसोमच उपचार म्हणून वापरायचे, तर मात्र गणित उलटं फिरतं. उंदराच्या शिरेत सोडलेल्या मेलॅनोमाच्या एक्झोसोमचा अर्धायुकाल साधारण २ मिनिटं निघाला. त्याच वेगाने २० मिनिटांत हजारातला एक उरेल. मग थेट त्वचेवर लावले तर? त्वचेतून सहज आत शिरायला रेणू ५०० डाल्टनपेक्षा लहान हवा, असा ठोकताळा आहे. १०० नॅनोमीटरच्या एक्झोसोमचं वजन आकारमानावरून काढलं तर सुमारे ३५ कोटी डाल्टन भरतं, मर्यादेच्या ७ लाख पट! ‘बाटलीत इतके अब्ज एक्झोसोम’ असं सांगून सीरम विकणाऱ्याला, त्यातले त्वचेत किती उतरतात, हे विचारायलाच हवं. नेब्रास्कातल्या रुग्णांना एक्झोसोम असल्याचं सांगून विकलेल्या उत्पादनांनी गंभीर त्रास झाल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता. एकाही एक्झोसोम उत्पादनाला तेव्हा तिची मान्यता नव्हती.

तरीही सोरायसिसमध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. स्टेम पेशींचे एक्झोसोम माणसाच्या त्वचेच्या तुकड्यावर लावले, तर २४ तासांत एक टक्काही आरपार गेले नाहीत. जवळपास सगळे वरच्या मृत पेशींच्या थरातच अडकले. पण सोरायसिससारखा दाह घडवलेल्या उंदरांच्या त्वचेत, नुसतं वरून लावूनही, आयएल-१७ हा दाह वाढवणारा घटक घटला. संशोधकांनी त्याची कारणमीमांसा अशी केली: सोरायसिसमध्ये न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी नेमक्या याच थरात आणि त्याच्या लगेच खाली गोळा होतात. तिथे कॉम्प्लिमेंट प्रथिनांची साखळी त्यांना चेतवते आणि त्या आयएल-१७ सोडतात. अडकलेले एक्झोसोम ती साखळीच तोडतात, मग खोल जायची गरजच काय? अशा मलमाची पहिली सुरक्षितता चाचणी निरोगी स्वयंसेवकांवर झाली आहे. सोरायसिसच्या रुग्णाला त्याने किती आराम पडतो, हे त्या चाचणीतून ठरत नाही. त्यासाठी रुग्णांवरच्या मोठ्या चाचण्या लागतील.