चंडीगडमध्ये घर शोधताय? जरा धीर धरा!

बदलीचा हुकूम हातात पडला, की घराघरात पहिला प्रश्न उठतो तो बिऱ्हाडाचा. त्यातून बदली चंडीगडला असेल, तर पुण्या-मुंबईत घर शोधण्याचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाही. तिथे विंग आणि सोसायटीऐवजी सेक्टर, कोठी, मरला आणि कनाल यांची भाषा चालते. वीस मरला म्हणजे एक कनाल, एवढे पाठ करूनच गाडीत बसावे!

शहराची रचना ओळखा

फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला नव्या राजधानीची गरज पडली. फ्रेंच वास्तुकार ल कार्बुझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शहर आखले. एक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असतो. भरधाव वाहतुकीचे मोठे रस्ते सेक्टरच्या बाहेरून जातात आणि घरे त्यांच्याकडे पाठ करून आतल्या शांत गल्ल्यांकडे तोंड करतात. दुकाने, शाळा आणि हिरवळीचा पट्टा सेक्टरच्या आतच असतो. त्यामुळे दूध आणायला किंवा मुलांना शाळेत सोडायला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, ही मूळ कल्पना. मध्य मार्गाच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेल्या बऱ्याच सेक्टरांची बेरीज २६ येते, जसे ९ आणि १७, १० आणि १६. नवख्याला पत्ता शोधताना ही खूण उपयोगी पडते.

आयुष्यभराची पुंजी जपा

घर विकत घेणार असाल, तर खरी सावधगिरी इथे हवी. जुन्या सेक्टरांतील कोठी पाडून तिथे तीन मजले बांधायचे आणि एकेक मजला 'हिस्सा' म्हणून विकायचा, असा व्यवहार बरीच वर्षे चालला. मजलावार मालकीला परवानगी देणारे २००१चे नियम प्रशासनाने २००७ मध्ये मागे घेतले, तरी हिश्श्याच्या वाटेने तोच व्यवहार सुरू राहिला. अखेर १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेक्टर १ ते ३० मधील राहत्या घरांचे असे फ्लॅट पाडण्यास मनाई केली. सहमालकांनी आपसात केलेला मजलेवाटपाचा करारही यासाठी ग्राह्य धरला जाणार नाही, असे स्पष्ट केले. म्हणून 'मजला तुमचाच, फक्त कागद हिश्श्याचा' असे कोणी गोड बोलून सांगितले, तर बयाणा देण्याआधी स्वतःच्या वकिलाला कागद दाखवा. विकणाऱ्याने सुचवलेला वकील नको.

फ्लॅटच हवा असेल, तर दक्षिणेकडच्या सेक्टरांत हाउसिंग बोर्डाचे आणि सहकारी सोसायट्यांचे फ्लॅट आहेत. तिथेही जागा लीजवर आहे की पूर्ण मालकीची, आणि आधीच्या मालकाने गॅलरी बंद करणे, खोली वाढवणे असे फेरफार परवानगीने केले आहेत का, हे विचारून घ्या. दुसऱ्याने केलेल्या बेकायदा बांधकामाचे लोढणे आपल्या गळ्यात कशाला? मोहाली व पंचकुला जवळच असले, तरी मोहाली पंजाबात आणि पंचकुला हरियाणात आहे. म्हणजे कायदेकानूही वेगळे.

भाड्याचे घर पाहताना

पहिले वर्ष भाड्याने राहणे शहाणपणाचे. पुष्कळदा घरमालक खालच्या मजल्यावर राहतात. आंटीजींची पाहुण्यांबद्दल, स्वयंपाकाबद्दल आणि गच्चीच्या वापराबद्दल काय अपेक्षा आहे, ते आधीच मोकळेपणी बोला. आपल्या पापड-कुरडया वाळवायला गच्ची लागतेच! घर निदान दोनदा पाहा, एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर. डिसेंबर-जानेवारीत धुके व कडाक्याची थंडी असते, तेव्हा दक्षिणेचे ऊन येणारी खोली फार मोलाची वाटते. पावसाळ्यात घर पाहायला मिळाले तर उत्तमच. भिंतीतली ओल तेव्हा लपत नाही.

संध्याकाळी फेरी मारा

सेक्टर कसा आहे, हे दलालापेक्षा संध्याकाळची बाग आणि मैदान अधिक खरे सांगतात. पंजाबच्या या पट्ट्यात क्रिकेटइतकेच बास्केटबॉलचेही वेड दिसते. २०१५ मध्ये एनबीएच्या संघाने निवडलेला पहिला भारतीय खेळाडू सतनाम सिंग पंजाबातल्या बल्लो के गावचा, तर भारतीय संघातून खेळलेला अमज्योत सिंग चंडीगडचा. उंच मुलांच्या घोळक्यात तुमच्या चिरंजीवांना किंवा कन्येला चेंडू मिळाला, की शेजारपाजारची ओळख आपोआप होते. मैदानाच्या कडेला बसलेल्या आयांशी दहा मिनिटे बोला. पाणी किती वेळ येते, शाळेची रिक्षा कुठे थांबते, कोणती गल्ली रात्री सुनसान असते, सारे कळेल.

तात्पर्य, घर पसंत पडले तरी लगेच होकार देऊ नका. दोन महिने जास्त भाडे गेले तर ते भरून निघते. चुकीच्या कागदावर घातलेली पुंजी मात्र सहजासहजी परत मिळत नाही.