प्रदूषण मंडळाचे हात नेमके कुठवर पोचतात?

ओढ्याला फेस आला, मासे पोट वर करून तरंगू लागले, की गावात पहिला सवाल हाच असतो: "प्रदूषणवाले झोपलेत काय?" राग रास्तच आहे. मात्र तो कुठे आणि कसा मांडायचा, हे मंडळाचे अधिकार ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

सगळी सूत्रं दिल्लीतून हलतात, असं अनेकांना वाटतं. १९७४च्या जल कायद्याने आलेलं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ मुख्यतः मानकं ठरवतं, राज्यांना निर्देश देतं. कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहतो तो राज्य मंडळाचा क्षेत्र अधिकारी. महाराष्ट्राचं मंडळ तर केंद्राच्याही आधीचं, १९७०चं.

"आले, बाटली भरली, गेले," असं लोक वैतागून म्हणतात. पण सगळा खटला त्या बाटलीवर उभा असतो. अधिकाऱ्याने आधी नोटीस द्यायची, कारखान्याच्या माणसासमोर पाण्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्या सीलबंद करून त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि एक बाटली लगेच प्रयोगशाळेला धाडायची. यात चूक राहिली तर अहवाल कोर्टात पुरावा म्हणून टिकत नाही, मग त्यात बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या कितीही वर निघो. म्हणून तक्रारीचा फोन पाणी वाहत असतानाच करावा. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळी सापडत नाही.

मंडळ कारखान्याला देतं ते संमतीपत्र म्हणजे स्वच्छतेचा दाखला नव्हे. किती पाणी, कशी प्रक्रिया करून, कुठे सोडायचं, या अटींवर ठरावीक मुदतीसाठी दिलेली ती परवानगी असते. अट मोडली की संमती रद्द होऊ शकते.

मंडळाला दात नाहीत, हेही खरं नाही. जल कायद्याच्या १९८८च्या दुरुस्तीनंतर कलम ३३-अ खाली ते कारखाना बंद करायला, वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. शिक्षा देणं मात्र मंडळाच्या हातात नाही, त्यामुळे प्रदूषणाच्या भरपाईची वसुली वर्षानुवर्षं वादात राहिली. ऑगस्ट २०२५मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की रीतसर नियम करून मंडळं पर्यावरणाची नुकसानभरपाई आकारू शकतात.

आणि नद्या फक्त कारखान्यांनी नासवल्या नाहीत. केंद्रीय मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं, प्रक्रिया होते ती २०,२३६ दशलक्ष लिटरवर. हा हिशेब आपापल्या नगरपालिकेला विचारायलाच हवा.

साध्या माणसाचं कोण ऐकतो, हा समज मला सगळ्यात जास्त खुपतो. जल कायद्याचं कलम ४९ कुणाही नागरिकाला मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन थेट कोर्टात तक्रार करू देतं. त्या तक्रारीसाठी तो मंडळाकडचे अहवाल मागू शकतो, आणि जनहिताला बाध येत नसेल तर मंडळाला ते द्यावे लागतात. सह्या-शिक्क्यांनिशी गेलेल्या त्या बाटलीचा अहवालही त्यातच आला.