कॅमेऱ्यातला व्हिडिओ आणि कापडाचा खरा रंग

गेल्या हंगामात आमच्या ६ गाठी परत आल्या. माल चौकड्याच्या लुंगीचा. जमीन मरून आणि तिच्यावर दोन धाग्यांची हिरवी रेघ. परराज्यातील एका जुन्या पार्टीने आम्ही पाठवलेला व्हिडिओ पाहून ऑर्डर दिली होती. माल पोहोचला आणि फोन आला, "भाई, दाखवला एक माल आणि पाठवला दुसराच. व्हिडिओत रेघ काळपट तपकिरी होती, ही तर हिरवीगार आहे." आम्ही आमचाच व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. त्यांचे म्हणणे खरे होते. जाण्यायेण्याचे भाडे आमच्या अंगावर पडले ते पडलेच, पण पंधरा वर्षांच्या व्यवहारात प्रथमच आमच्या शब्दावर शंका घेतली गेली, हे अधिक लागले.

कॅमेरा स्वस्तातला नव्हता. म्हणून भाच्याला समोर बसवून कॅमेऱ्याचे इंग्रजी पुस्तक वाचून घेतले, कारण आमची शाळा उर्दू. त्यातून जे कळले ते आपल्या धंद्यातील प्रत्येकाला कळायला हवे, कारण आज फोनवर नमुना न दाखवणारा व्यापारी शोधूनही सापडणार नाही.

मुळात कॅमेरा जे पाहतो ते सगळे साठवत नाही. साठवणे परवडणारच नाही. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ६ एमबीचे होते. सेकंदाला २५ चित्रे धरा, म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ एमबी आणि तासाला ५६० जीबी. प्रत्यक्षात तासाभराचा व्हिडिओ १० जीबीच्या आसपास मावतो. म्हणजे पन्नासातले एकोणपन्नास भाग कॅमेरा वाटेतच टाकून देतो. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हे कॅमेऱ्यातला फॉरमॅट ठरवतो, आपण नाही.

पहिली काटकसर आपल्या रोजमेळासारखी आहे. आपण दर ओळीला दुकानातला सगळा माल पुन्हा मोजून लिहीत नाही. एकदा शिल्लक लिहितो, पुढे फक्त आवक-जावक. कॅमेराही एक चित्र पूर्ण लिहितो आणि पुढच्या काही चित्रांत फक्त काय बदलले ते लिहितो. थोड्या वेळाने पुन्हा एक पूर्ण चित्र. दुकानाची भिंत, गादी, मागचे कपाट हलत नसल्यामुळे त्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. पण आपण हौसेने तागा हवेत झटकून उलगडतो, तेव्हा चित्रातला प्रत्येक ठिपका बदलतो. आवक-जावक इतकी होते की वही पुरत नाही, आणि कापडावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. गिऱ्हाइकाला वाटते, विणकामच खराब.

दुसरी काटकसर आम्हाला फार आवडली, कारण ती थेट कापडाची आहे. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे पाडतात. समजा तुमच्याकडे ६४ नमुन्यांचे एक कार्ड आहे. पहिला नमुना सपाट, मग रुंद पट्टे, मग बारीक पट्टे, मग रुंद चौकडी आणि शेवटी अगदी बारीक चौकडी. चित्रातला कुठलाही तुकडा या ६४ नमुन्यांच्या कमी-अधिक मिश्रणातून तयार करता येतो. कॅमेरा तुकड्याऐवजी त्या मिश्रणाचे प्रमाण लिहितो. जागा कमी पडली की सर्वांत बारीक नमुने आधी टाकतो, कारण डोळ्याला त्यांची उणीव सहसा जाणवत नाही. आता आमचा माल नेमका बारीक चौकड्याचा! जे आधी टाकले जाते तेच आम्ही विकतो.

ही युक्ती ज्यांची, त्यांचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे, कोण जाणे. डॉ. नासिर अहमद. जन्म १९४० चा, बंगळूरचा. तिथेच इंजिनिअर होऊन ते अमेरिकेला गेले. १९७२ साली या कल्पनेवर काम करण्यासाठी त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, तेव्हा अर्ज नामंजूर झाला. त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. त्या पद्धतीला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. फोटोचे जेपेग, मिनी डीव्हीची कॅसेट, एमपीईजी, आजचे एच.२६४, सगळ्यांच्या पोटात ती किंवा तिचे सुधारलेले रूप आहे.

आमच्या गाठी परत आल्या त्या मात्र तिसऱ्या काटकसरीमुळे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक बारीक दिसतो, रंगाचा तितका दिसत नाही. म्हणून घरगुती कॅमेरे आणि फोन प्रत्येक ठिपक्याचा उजेड लिहितात, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. मरून जमिनीवरची दोन धाग्यांची हिरवी रेघ चित्रात एका ठिपक्याएवढी येत होती. तिचा हिरवा शेजारच्या मरूनमध्ये मिसळला आणि झाला तपकिरी. मेसेजच्या अ‍ॅपने तो व्हिडिओ पुन्हा एकदा दाबला, मग उरले काय? (बारीक चौकडा पडद्यावर लहरींसारखा चमचमतो, तो दोष निराळा. तो कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या जाळीचा. कपडा जरा तिरका धरला किंवा कॅमेरा पुढेमागे केला की बहुधा जातो.)

फॉरमॅटची नावे पाहून घाबरू नये. १९९५ चे डीव्ही हे कॅसेटचे. त्यात प्रत्येक चित्र स्वतंत्र, तासाला सुमारे १३ जीबी. जुन्या खिशातल्या कॅमेऱ्यांत मोशन जेपेग असे, म्हणजे फोटोंची माळच. फाइल मोठी, पण कापायला-जोडायला सोपी. २००३ साली एच.२६४ आले आणि २००६ मध्ये सोनी व पॅनासॉनिकने त्यावर एव्हीसीएचडी काढले, ज्याच्या फाइलींना एमटीएस नाव असते. २०१३ चे एच.२६५ त्याच दर्जाला साधारण निम्मी जागा घेते. २०१७ पासून आयफोन तेच वापरू लागला. जागा वाचते, पण जुना संगणक अडखळतो, आणि समोरच्याकडे ते उघडेलच असे नाही. पार्टीला पाठवायचा व्हिडिओ आम्ही एच.२६४ मध्येच घेतो.

जाता जाता एक जकातीची गंमत. पुष्कळ फोटो कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी बंद पडत. कारण यंत्रातले नव्हते. युरोपात सलग ३० मिनिटे चित्रण करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरला जाई व त्यावर जकात लागे. फोटो कॅमेऱ्यावर लागत नसे. कारखानदारांनी एक सेकंद वाचवून जकात वाचवली!

आता आमच्या गादीवर रिवाज बदलला आहे. कॅमेरा तिपाईवर. तागा सपाट पसरतो, झटकत नाही. आधी लांबून एकदा, मग इतके जवळून की रेघ बोटाएवढी दिसावी, कारण रेघेला भरपूर ठिपके मिळाले की रंग मिसळत नाही. कॅमेऱ्यात ४के असेल तर ४के मध्ये घेऊन मग फुल एचडीत उतरवतो. त्यात ४केचे चार ठिपके मिळून एक होतो. बिटरेट सर्वांत जास्त ठेवतो. अ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे तो दुसऱ्यांदा दाबला जात नाही. आणि ऑर्डर पक्की करण्याआधी वीतभर कटिंग कुरिअरने जाते, ती पार्टीच्या हातात पडल्याशिवाय गाठ बांधत नाही.

त्या जुन्या पार्टीलाही नवा व्हिडिओ आणि कटिंग दोन्ही पाठवले. त्यांनी कटिंग पडद्याशेजारी धरून फोटो काढून पाठवला. ६ पैकी ४ गाठी त्यांनी पुन्हा मागवल्या आहेत.