चाकणपासून लाल महालापर्यंत : गटाची एक दिवसाची सहल



आपण बायका घराबाहेर कधी पडतो? लग्नाला, दहाव्याला, दवाखान्यात, बाजाराला. फार तर आळंदीला नाहीतर देहूला. नुसतं बघायला म्हणून निघणं होत नाही. चाकण-राजगुरुनगरकडच्या कितीतरी जणींनी पुणं पाहिलंय ते दवाखान्याच्या रांगेतून किंवा एसटीच्या खिडकीतून. म्हणून आज आपण गटानं एका दिवसात जुनं पुणं कसं बघायचं, ते समजून घेऊ.

सुरुवात चाकणलाच करा. गावातला संग्रामदुर्ग आपण येता-जाता बघतो, पण त्याची गोष्ट पुण्यात जाऊन पुरी होते. १६६० साली शाहिस्तेखानानं या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो जवळपास दोन महिने लढवला. शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला आणि किल्ला पडला.

आता पुण्याकडे निघू. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आहे. म्हाताऱ्या बायकांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. नाशिक फाट्याला उतरून मेट्रोत बसायचं. एसटीची सवलत मेट्रोत चालत नाही. स्वारगेटकडे जाणारी गाडी धरायची, मध्ये बदलायची नाही. शिवाजीनगरच्या आधी ती जमिनीखाली शिरते, घाबरू नका. कसबा पेठ स्थानकात उतरा. मेट्रोच्या स्थानकात स्वच्छतागृह असतं, तिथेच जाऊन घ्या. लघवीला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणं ही आपली सवय त्या दिवशी तरी मोडू.

तिथून लाल महाल चालत जाण्याजोगा आहे. जिजाऊ आणि बाल शिवाजी इथे राहत. चाकण घेणारा तोच शाहिस्तेखान पुढे याच वाड्यात येऊन राहिला. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी रात्री छापा घातला आणि खान बोटं गमावून पळाला. आज दिसते ती इमारत मूळची नाही. पुणे महापालिकेनं १९८०च्या दशकात ती नव्यानं बांधली.

समोरच शनिवारवाडा. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली त्याचं काम सुरू केलं. १८२८च्या आगीत आतले महाल जळाले. आता तट, दरवाजे आणि जोती उरली आहेत. दिल्ली दरवाजावरचे लोखंडी खिळे जवळून बघा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेले आहेत.

पुढे दगडूशेठ गणपतीला तर सगळ्या जातातच. त्याच्या समोरच भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. पडायला आलेली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडली. तरीही तिथे दोन मिनिटं थांबा. कोण कितवीपर्यंत शिकली आणि शाळा का सुटली, हे प्रत्येकीनं एकमेकींना सांगावं.

मंडईत जेवून गंज पेठेतला फुले वाडा बघा. चालवत नसेल तर रिक्षा वाटून घ्या. तिथला हौद जोतीरावांनी १८६८ साली ज्यांना पाणवठ्यावर मज्जाव होता त्यांच्यासाठी खुला केला. पाण्यासाठी पायपीट केलेल्या बाईला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. परतीला मंडईच्या स्थानकातून मेट्रो मिळते.

आता पैशाचं. बचतीची आणि कर्जाची रक्कम सहलीला लावू नका. सहलीची वही वेगळी ठेवा. आठवड्याला २० रुपये टाकले तर २५ आठवड्यांत एकीचे ५०० रुपये होतात. हिशेब एकीकडे, पैसे दुसरीकडे ठेवा.

आणि घरचं. ‘जाऊ का?’ असं विचारलं की उत्तर ‘कशाला?’ येतं. त्यापेक्षा आठ दिवस आधी सांगा, ‘या तारखेला आमच्या गटाची सहल आहे, त्या दिवशी डेअरीला दूध कोण घालणार? म्हाताऱ्यांना गोळ्या कोण देणार?’ मग बोलणं जायचं की नाही यावर न अडकता कामाच्या वाटणीवर येतं. ज्या सुनेला सोडत नाहीत, तिच्या घरी गटातल्या दोघी-तिघींनी जाऊन बसावं. सासूलाही सोबत चला म्हणावं. तिनंही लाल महाल पाहिलेला नसतो.

कुणाच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, कुणाची रविवारी. म्हणून पुढच्या बैठकीत सगळ्यांना विचारून तारीख ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहून टाका. वहीत लिहिलेली तारीख सहसा मोडत नाही, हे गटातल्या बायकांना ठाऊक आहे.