चाकावांचून घडलेले घट

कुंभार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें चाक उभें राहतें. आणि चाकावांचून घडविलेलें भांडें ओबडधोबडच असावयाचें, असें आपण धरून चालतों. नायजेरियाच्या मध्यभागांतील ग्वारी स्त्रियांचे पाण्याचे घट पाहिले म्हणजे हा समज टिकत नाहीं.

तेथें घट फिरत नाहीं. घडविणारी स्त्री फिरते. मातीच्या मोठ्या गोळ्यांत मूठ घालून, आंतून थापटून ती प्रथम तळ तयार करते. मग मातीच्या जाड वळ्या एकावर एक चढवीत, कमरेंत वांकून, मागल्या पावलीं ती घटाभोवतीं फेऱ्या घालते. भिंती खरवडून सारख्या केल्या कीं, माती ओली आहे तोंच तिच्यावर रेघांची नक्षी, सरडे, विंचू, मासे कोरले जातात. भट्टी नसतेच. सुकलेले घट रचून लाकूड व वाळलें गवत यांच्या उघड्या जाळांत ते भाजतात. आंच बेताची असल्यामुळें माती सच्छिद्र राहते. पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होतांना उष्णता निघून जाते व आंतील पाणी गार राहतें. आपल्या माठाचेंही शास्त्र हेंच.

क्वाली गांवच्या लादी क्वाली ही विद्या लहानपणीं घरींच शिकल्या. अबुजाच्या, म्हणजे आजच्या सुलेजाच्या, अमीराच्या वाड्यांत त्यांचे घट मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभकारानें पाहिले. त्यांच्या सरकारी शिक्षणकेंद्रांत १९५४ सालीं लादी दाखल झाल्या. तेथील त्या पहिल्याच स्त्री होत. तेथें त्यांच्या घटांवर झिलई चढली, १२०० अंशांहून अधिक उष्णतेंत ते भाजले गेले आणि लंडनच्या प्रदर्शनांत मांडले गेले. २००७ पासून नायजेरियाच्या २० नायरांच्या नोटेवर घट घडवितांना त्यांचें चित्र आहे.

हा गौरव यथार्थच आहे. परंतु झिलईनें छिद्रें बुजलीं आणि घट पाणी गार करीनासा झाला. घरची वस्तु कपाटांत ठेवण्याची झाली. शिवाय कीर्ति भट्टीमागून आली, म्हणून कलाही भट्टीनेंच दिली, असें मानणें चुकीचें ठरेल. केंद्रानें झिलई दिली. घाट व नक्षी लादींनीं गांवाहूनच आणली होती. ती ज्या स्त्रियांनीं पिढ्यान् पिढ्या जतन केली, त्यांच्या घटांवर नांवें नाहींत. संग्रहालयांत असा निनांवी घट दिसला, तर त्याभोवतीं मागल्या पावलीं फिरलेली कुणी एक होती, एवढें आपण स्मरावें.