पाळीकाम आणि कॅफीन

पाळीकाम आणि कॅफीन हा व्यावसायिक आरोग्याशी निगडित विषय आहे. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी कामगार चहा-कॉफी घेतात. या सवयीचा झोपेवर, कामातील सुरक्षिततेवर व प्रकृतीवर होणारा परिणाम हा त्याचा गाभा होय. कोल्हापूरजवळील शिरोली एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतींत त्याला विशेष महत्त्व आहे.

शिरोलीतील संदर्भ

शिरोली औद्योगिक वसाहत हातकणंगले तालुक्यात, पुलाची शिरोली गावालगत, पुणे–बंगळूर महामार्गावर वसली आहे. येथील फाउंड्रींमध्ये वाहने व यंत्रे यांसाठी लागणारे ओतीव सुटे भाग तयार होतात. बिडाचा रस साच्यात ओतताना त्याचे तापमान साधारणतः १,३०० ते १,४०० अंश सेल्सियस असते. अशा कामात क्षणभराची डुलकीही जीवावर बेतू शकते.

शरीरावरील क्रिया

माणूस जागा असताना त्याच्या मेंदूत ॲडेनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि त्यामुळे झोप येऊ लागते. हे द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहींवर कार्य करते, त्यांची जागा कॅफीन अडवून धरते. त्यामुळे काही काळ तरतरी वाटते, परंतु झोपेची गरज कमी होत नाही. कॅफीन थकवा झाकते, तो भरून काढत नाही.

निरोगी प्रौढाच्या शरीरातील कॅफीन निम्म्यावर येण्यास सरासरी पाच तास लागतात. व्यक्तिपरत्वे हा काळ कमी-अधिक असतो. पहाटे चार वाजता घेतलेल्या चहातील जवळजवळ निम्मे कॅफीन सकाळी नऊ वाजता, म्हणजे रात्रपाळीचा कामगार घरी जाऊन झोपतो त्या सुमारास, शरीरात शिल्लक असते. दिवसाची झोप त्यामुळे अपुरी होते आणि पुढच्या रात्री अधिक चहा लागतो.

प्रमाण

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार कॅफीनचे दैनंदिन सेवन ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५, तर तेवढ्याच झटपट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजेच कडक चहाचे पाच कपही ही मर्यादा ओलांडू शकतात. टपरीवरचा अर्धा चहा एका वेळी थोडा वाटतो, पण पाळीभरातील अशा पेल्यांची बेरीज सहसा केली जात नाही. चहातील टॅनिनमुळे लोहाचे शोषण घटते. म्हणून जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळण्याचा सल्ला या सूचनांत दिला आहे. गरोदर स्त्रिया, हृदयविकार किंवा निद्रानाश असलेल्या व्यक्ती यांनी वैद्यकीय सल्ल्याने प्रमाण ठरवावे.

मनोवृत्ती

झोप मारून काम करणे हा पराक्रम आहे, अशी समजूत अनेकदा आढळते. वास्तविक थकवा ही शरीराने दिलेली सूचना असते. ती सहकाऱ्यांना किंवा पर्यवेक्षकाला सांगणे कमीपणाचे नाही. चहाच्या सुट्टीत मिळणारा विसावा, मोकळी हवा आणि गप्पा यांनीही मन ताजे होते, पण त्याचे सारे श्रेय चहाला दिले जाते. सुट्टी कायम ठेवून एखाद्या वेळी चहाऐवजी पाणी किंवा ताक घेतले, तरी हा लाभ टिकतो. भट्टीजवळच्या उष्णतेत पाण्याची गरज अधिक असते.

सवय कमी करणे

नेहमीचा चहा एकाएकी बंद केल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड व सुस्ती सुरू होऊ शकते. ही लक्षणे काही दिवसांत ओसरतात. तरीही दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करणे सोयीचे ठरते. चहा पाळीच्या पूर्वार्धात घ्यावा आणि झोपेपूर्वीचे किमान सहा तास टाळावा.

कामाच्या ठिकाणची जबाबदारी

माफक सवयीला विश्रांतीची जोड आवश्यक असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात सलग पाच तासांहून अधिक काम न देता किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याची तरतूद करण्यात आली. पुरेशी विश्रांती मिळत नसेल, तर केवळ चहा कमी करून कामगाराची सुरक्षितता साधत नाही.