महाजालावरील मराठी : फाँट, संकेतन आणि वापरकर्त्यांचा समुदाय

प्रस्तावना :

मराठी मजकूर संगणकाच्या पडद्यावर दिसणे आणि तो संगणकाला मराठी म्हणून कळणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाजालावरील मराठीच्या प्रारंभीच्या वर्षांत यांपैकी पहिलीच बव्हंशी साध्य झाली होती. दुसरीसाठी नव्या यंत्रापेक्षा सहमतीची आवश्यकता होती. ती सहमती शासकीय संस्था, फाँटनिर्माते व्यावसायिक आणि विनामोबदला काम करणारे वापरकर्ते यांच्या ओढाताणीतून घडत गेली. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा, तिच्या अपूर्ण राहिलेल्या बाजूसह, विचार केला आहे.

फाँट आणि संकेतन :

प्रत्येक अक्षराला संगणकात एक ठरावीक क्रमांक देणे म्हणजे संकेतन. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले, तर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॅक'चे या क्षेत्रातील कार्य सर्वश्रुत आहे. म्हणजे मानकाचा अभाव नव्हता. तथापि डीटीपी व्यवसायात रूढ झाले ते वेगळेच. श्री-लिपी, शिवाजी, किरण, योगेश अशा फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. कोणता तुकडा कोठे, हे प्रत्येक निर्माता आपापल्या सोयीने ठरवी. परिणामी संगणकात साठे ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ, आणि वाचकाकडे तोच फाँट नसल्यास पडद्यावरही तीच उमटे. वृत्तपत्राचे संकेतस्थळ वाचण्यापूर्वी त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागे, हे अनेक अध्यापकांच्या स्मरणात असेल.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणे ही केवळ अदलाबदल नव्हे. जुन्या फाँटांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. 'स्थिती' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत 'स्'च्याही आधी येते, युनिकोडमध्ये 'थ'नंतर. 'धर्म'मधील रफार जुन्या पद्धतीत 'म'नंतर, युनिकोडमध्ये 'म'पूर्वी. त्यामुळे प्रत्येक फाँटसाठी स्वतंत्र कोष्टक व क्रमबदलाचे नियम लिहावे लागतात. अशी अनेक रूपांतरके हौशी संगणकतज्ज्ञांनी लिहून विनामूल्य उपलब्ध करून दिली.

वापरकर्त्यांचा सहभाग :

१९९६ मध्ये 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले. विंडोज २००० व एक्सपी या प्रणालींत देवनागरी युनिकोडची सोय आल्यानंतर चित्र पालटू लागले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' फाँट मुक्त परवान्याखाली दिले. इनस्क्रिप्ट कळफलक शास्त्रशुद्ध असला तरी तो नव्याने शिकावा लागतो. सामान्य मराठी माणसाला लिहिते केले ते 'बराह', 'गमभन' यांसारख्या रोमन कळांवरून उच्चारानुसार टंकलेखन करू देणाऱ्या साधनांनी. मानकाचे यश त्याच्या शास्त्रीयतेपेक्षा त्याच्या वापरसुलभतेवर अधिक अवलंबून होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

वापर वाढला तशी मानकातील उणीवही उघड झाली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन. हिंदीला या भेदाची गरज नाही, मराठीला आहे. युनिकोडने त्यासाठी नुक्तायुक्त 'ऱ'चा मार्ग दिला. पण आधीच्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून साध्या 'र्'पुढे अदृश्य जोडचिन्ह देण्याचा मार्गही मान्य ठेवला. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच, यंत्राला मात्र वेगळी. 'ॲ'ची कथाही अशीच आहे. हे अक्षर स्वतंत्रपणे २००८ च्या ५.१ आवृत्तीत आले. तोवर कोणी 'अ'वर चंद्र चढवला, कोणी हिंदी वळणाचा 'ऍ' वापरला. परिणामी एकच शब्द आजही तीन प्रकारे साठवलेला आढळतो आणि शोधणाऱ्याच्या हाती त्यांपैकी एखादाच प्रकार लागण्याचा संभव असतो.

महाविद्यालयीन व्यवहारातील स्थिती :

मुद्रणक्षेत्र या बदलापासून दीर्घकाळ दूर राहिले. त्यासाठी केवळ मुद्रकांना दोष देणे अन्यायाचे होईल. पेजमेकरला युनिकोड देवनागरीची जुळणी करता येत नव्हती, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिपींची अंगभूत सोय २०१२ च्या सीएस६ आवृत्तीत आली. यातून एक विलक्षण उलटा प्रवास घडला. लेखक युनिकोडमध्ये लेख पाठवी, मुद्रक तो जुन्या फाँटात उतरवी, आणि मुद्रितशोधनानंतरची अंतिम, निर्दोष प्रत जुन्या फाँटातच राही. महाविद्यालयीन वार्षिकांके, प्रश्नपत्रिका, शोधनिबंध अशा रीतीने अडकून पडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत आवश्यक केली व 'शोधगंगा'द्वारे मराठी प्रबंध सर्वांना खुले झाले. परंतु जुन्या फाँटात टंकलिखित केलेला किंवा केवळ छायाप्रतीच्या रूपात ठेवलेला प्रबंध वाचता येतो, त्यात मराठी शब्द शोधता येत नाही. संदर्भ शोधणाऱ्या पुढील संशोधकापुरता तो जवळजवळ नसल्यातच जमा होतो. मूळ फाइल बहुधा ग्रंथालयात नसते; ती टंकलेखन करून देणाऱ्या डीटीपी चालकाच्या संगणकात असते, आणि तो संगणक चालू आहे तोवरच तिचे रूपांतर शक्य आहे.